दोन नंबर जिन्याची ज्येष्ठतायादी

या सगळ्या खटाटोपातून मेदेरबेकच्या पदरात पडायचं होतं ते एवढंच: तळघरातली एक खोली. साडेतीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद, बर्फ वितळण्याचे दहा दिवस सोडले तर कोरडी. खिडकी एक, मांजराने अंग चोरून आत यावं एवढी. भिंतीतून गरम पाण्याचा जाड नळ गेलेला, म्हणजे हिवाळ्यात ऊब आपोआप. आणि दाराला आतून कडी. बाकीच्या सगळ्या बाबी शून्य धरल्या असत्या तरी मेदेरबेकचा सौदा फायद्यातच होता, कारण कडी एकटीच सगळ्यांना भारी होती.

बिश्केकच्या आठव्या मायक्रोरायनमध्ये, म्हणजे आठ नंबरच्या वसाहतीत, एकवीस नंबरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर तो दोन खोल्यांत राही. त्या दोन खोल्यांत त्याची आई बुबूसारा अपा, बायको गुलसायरा, गुलसायराचं पडदे शिवायचं मशीन आणि कोमुझ हे तीन तारांचं वाद्य शिकणाऱ्या जुळ्या मुली एवढं सगळं होतं. एक कोमुझ कानाला गोड लागतं. दोन कोमुझ, दोन निरनिराळी गाणी आणि मध्ये शिवणयंत्र, एवढ्या साथीवर मेदेरबेक इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून एका मालवाहतूक कंपनीचे प्रोग्रॅम लिही. गेल्या महिन्यात लॅपटॉपवर साहेब बोलत असताना अपा मागून आल्या आणि त्यांनी साहेबांनाच विचारलं, "बाळा, जेवलास का? फार वाळलायस." साहेब खरंच जेवले नव्हते. बैठक तिथेच आटोपली, आणि पुढच्या बैठकीला साहेबांनी मेदेरबेकच्या आधी अपांची चौकशी केली. माणसाला कडी हवीशी वाटावी, यात नवल नाही.

खोलीची किल्ली कानिशाय एजेंच्या पर्समध्ये होती. कानिशाय एजे, म्हणजे कानिशायताई, इमारतीच्या रहिवासी संघाच्या अध्यक्ष. संघाचा गोल शिक्काही त्याच पर्समध्ये असे, आणि पर्स झोपतानाही उशाशी असते असं त्यांचा नवराच सांगे.

"मेदेर," एक दिवस त्यांनी त्याला जिन्यातच गाठलं, "महापालिकेची समिती येतेय. आदर्श इमारत स्पर्धा. चौदा नंबरवाल्यांनी दारात कुंड्या ठेवल्यात. आपण संगणक ठेवू. दोन नंबरचा जिना संगणकावर चालवून दाखव, खोली तुझी."

"एजे, जिन्यातलं नक्की काय काय चालवायचं?"

"सगळं."

सगळं म्हणजे, मोजून पाहिलं तेव्हा, चार गोष्टी निघाल्या. वीज, खालची दोन दारं, पाणी वर चढवणारा पंप आणि भोंगा. या चारही गोष्टींना आधीपासून धनी होते. विजेचा बोर्ड आयझिरेक बघे. ती पहिल्या मजल्यावरची नवी सून, वय चोवीस, वीजकेंद्रात इंजिनियर. दारांची कुलपं स्वतः कानिशाय एजेंनी निवडली होती, एका बंद पडलेल्या गोदामाची. मजबूत इतकी की वीज गेली तरी बंद ती बंदच. पंप ओमुरझाकांकडे, ते निवृत्त ट्रॉलीबस चालक. आणि भोंगा साबिरकुल आगायांकडे. आगाय म्हणजे गुरुजी; हे निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक. रोज सकाळी ते भोंग्यावरून हवामान, पाण्याची वेळ आणि आदल्या दिवशी जिन्यात कोण थुंकलं ते जाहीर करत.

मेदेरबेकने या कामासाठी एक चौकट निवडली. ही चौकट स्वतः काहीच करत नाही. युर्तच्या, म्हणजे मेंढपाळांच्या गोल तंबूच्या, लाकडी सांगाड्यासारखी नुसती उभी राहते. वर लोकरीचे नमदे आपण आणून टाकायचे. एकेक काम म्हणजे एकेक सुटा भाग, तो एका फोल्डरमध्ये ठेवायचा. कोणता भाग कधी उठवायचा हे एका साध्या फाइलमध्ये लिहायचं: डावीकडे नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे काय हवं ते. चौकट उठते, ती फाइल वाचते आणि ओळीने एकेकाला हाक मारते. पहिला उठल्याशिवाय दुसऱ्याला हाक नाही.

इथपर्यंत मेदेरबेकचं काही चुकलं नाही. चुकलं ते सौजन्यात. त्याने भागांना माणसांची नावं दिली. विजेच्या भागाला आयझिरेक, दाराच्या भागाला कानिशाय, पंपाला ओमुरझाक, भोंग्याला साबिरकुल आगाय. हेतू असा की चौघांनाही बरं वाटावं आणि खोली त्याला देण्याच्या संघाच्या ठरावाला चार हात आपसूक वर यावेत. मग त्याने दुसरं सौजन्य केलं: ती फाइल छापली आणि जिन्यात, टपालपेट्यांच्या वर, चिकटवली. कारभार कसा उघड असावा हे लोकांना कळावं म्हणून.

लोकांना कळलं. कागदावर चार ओळी होत्या:

पहिला = आयझिरेक
दुसरा = कानिशाय
तिसरा = ओमुरझाक
चौथा = साबिरकुल आगाय

तासाभरात साबिरकुल आगाय मेदेरबेकच्या दारात उभे होते, पांढरी नमद्याची टोपी घालून, कोटाला पदक लावून. कागद त्यांनी सोलून आणला होता.

"बाळा," ते म्हणाले, "माझं वय एकोणऐंशी. या जिन्यातल्या निम्म्या लोकांना मी गुरुत्वाकर्षण शिकवलं. तुलाही शिकवलं, तू तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होतास. आता मी चौथा. आणि पहिली कोण, तर चार महिन्यांपूर्वी घरात आलेली सून."

"आगाय, हा मान नाही हो. ही नुसती तांत्रिक बाब आहे."

"मेजवानीत मेंढीचं मानाचं डोकं कुणापुढे ठेवायचं हीसुद्धा तांत्रिकच बाब असते. ठेवून बघ सुनेपुढे."

एवढ्यात ओमुरझाकही वर आले. त्यांची तक्रार वेगळी होती. "मी तिसरा कसा? ही कानिशाय माझ्यापुढे? अरे, तिची आई माझ्या ट्रॉलीबसमध्ये फुकट बसायची!"

अपांनी सगळ्यांना चहा दिला आणि मुलाकडे असं पाहिलं की मेदेरबेकला आपण एकदम सातवीत असल्यासारखं वाटलं.

पुढचे तीन दिवस सल्ल्यांचे गेले. पाचव्या मजल्यावरचा दंतवैद्य म्हणाला, सगळ्यांना पहिला नंबर द्या. एक नंबरच्या जिन्यातली शिंपीण म्हणाली, नावं काढून झाडांची नावं घाला. पण मग चिनार आधी की अक्रोड, यावर तिचं आणि तिच्या नवऱ्याचं तिथेच वाजलं. एका भल्या माणसाने विचारलं, "अँटीव्हायरस टाकलायस ना?" आणि उत्तराची वाट न बघता समाधानाने निघून गेला. आयझिरेक तेवढी शांतपणे म्हणाली, "बाकीच्यांना वीज लागते. ती आधी उठायला हवी." त्यावर तिच्या सासूने तिला सांगितलं, "पाहुणे आलेत, चहा आण." ती गेली.

शेवटी फाइल वयाप्रमाणे लावली गेली. आगाय पहिले. ओमुरझाक त्यांच्याहून दोन महिन्यांनी लहान, म्हणून दुसरे. या दोन महिन्यांसाठी दोघांचेही जन्मदाखले मागवले गेले. कानिशाय एजे तिसऱ्या. आयझिरेक शेवटी. मेदेरबेकला माहीत होतं की हे पार उलटं झालंय. पण त्याच्या व्यवसायातल्या माणसांचा एक अवगुण त्याच्यातही होता: दुसऱ्याशी भांडण्यापेक्षा एक जास्तीची ओळ लिहिणं त्याला सोपं वाटे. त्याने फाइलच्या तळाशी लिहिलं: हवं ते मिळेपर्यंत थांबा = होय. म्हणजे ज्याला ज्याची गरज आहे त्याने त्याची शांतपणे वाट बघायची. सुसंस्कृत लोकांत असंच चालतं, असं त्याने स्वतःची समजूत घातली.

आता कानिशाय एजेंना वाटलं की एवढा निकाल लागलाच आहे तर कागद पक्का करावा. त्या मेदेरबेकला घेऊन सार्वजनिक सेवा कचेरीत गेल्या. खिडकीमागे तुर्दुबायेवा बाई होत्या. चष्मा साखळीला, साखळी गळ्यात, आणि चेहऱ्यावर असा भाव की पृथ्वीने फिरण्याची परवानगी कुणाकडून घेतली, ते एकदा विचारायला हवं.

"जिन्यात लावलाय?" त्यांनी कागद उजेडात धरला.

"हो."

"म्हणजे नियम झाला. नियम शिवून आणा."

"बाई, हे संगणकाचं आहे," मेदेरबेक म्हणाला. "एकच पान आहे. एका पानाला कशाशी शिवू?"

"कोऱ्या पानाशी."

शिवलं. गुलसायराने, पडद्याच्या दोऱ्याने. तीन भोकं, मागे गाठ, गाठीवर कागदाची चकती, चकतीवर संघाचा शिक्का, त्यावर कचेरीचा शिक्का, आणि खाली तुर्दुबायेवा बाईंच्या वळणदार अक्षरात: "शिवलेली व क्रमांकित पाने दोन, पैकी कोरे एक." मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, यातली ओळ बदलायची तर सर्वसाधारण सभा, दोन तृतीयांश हजेरी. दोन, नियम प्रथम अंमलात येईल तो समितीसमोर, त्याआधी नाही. आणि समितीत मी स्वतः आहे.

"म्हणजे आधी चालवून बघायचंसुद्धा नाही?"

"आधी चालवलंत तर समितीसमोर जे होईल ते प्रथम कसं म्हणायचं?"

मेदेरबेकने शिवलेला कागद काखेत मारला आणि एजेंच्या मागे घरी गेला. 

मंगळवारी अकरा वाजता समिती आली: तुर्दुबायेवा बाई, एक बागकाम तज्ज्ञ आणि एक गृहस्थ, जे नक्की कशाचे तज्ज्ञ होते ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण जेवायला उत्तम होते. अंगणात इमारतीतली निम्मी माणसं, जिन्यात निम्मी. तळघरातल्या त्या खोलीत मेदेरबेकने स्वतःच्या घरचा जुना संगणक आणून मांडला होता. त्याच्या शेजारी आगाय, मांडीवर शिवलेली प्रत, पडद्यावरची प्रत्येक ओळ तिच्याशी ताडून बघत. कानिशाय एजे समितीला घेऊन बाहेरच्या लोखंडी दारातून आत आल्या. दोन दारांच्या मध्ये जी बोळकांडी असते, थंडी आत येऊ नये म्हणून केलेली, तिथे सगळे उभे राहिले. बाहेरचं दार मागे लागलं. आता संगणक सुरू होणार, आतलं दार आपोआप उघडणार, भोंगा वाजणार आणि आगाय स्वागत करणार, असा बेत होता.

"सुरू कर रे!" एजे ओरडल्या.

मेदेरबेकने कळ दाबली. जुनी कुलपं संगणकाच्या ताब्यात गेली. चौकट उठली. तिने फाइल वाचली. पहिली हाक मारली: साबिरकुल आगाय.

आगायांच्या भागाने डोळे उघडले, आजूबाजूला पाहिलं आणि कळवलं: मला पंप आणि दार यांच्याकडून बातमी हवी, ते उठलेले दिसत नाहीत, थांबतो. चौकट म्हणाली: पहिला उठल्याशिवाय दुसऱ्याला हाक नाही, मीही थांबते. वीज सगळ्यांच्या मागे अदबीने उभी, तीही थांबली. लग्नघराच्या उंबऱ्यावर चार सभ्य माणसं गाठ पडली की 'आपण आधी' 'छे, आपण' करत जशी जेवण गार होईपर्यंत उभी राहतात, तसा सगळा जिना उभा राहिला. पडद्यावर एकच ओळ लुकलुकत होती: वाट पाहत आहे.

"काय झालं?" आगायांनी विचारलं.

"तुम्ही थांबलायत, आगाय."

"कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी."

"बरोबर आहे," आगाय म्हणाले. "घाई कसली?"

घाई बोळकांडीत होती. आतल्या दाराला बशीएवढी एक काच फुटलेली होती. त्या भोकातून कानिशाय एजेंचं अर्धं तोंड दिसत होतं, आणि अर्धंसुद्धा पुरेसं होतं. मेदेरबेक तळघरातून धावत वर आला.

"मेदेर! पाहुणे अडकलेत!"

"एजे, चार ओळी वर-खाली केल्या की झालं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

"मग कर की!"

"आगाय करू देत नाहीत. शिवलंय म्हणतात."

भोकात तुर्दुबायेवा बाईंचा चष्मा आला. मेदेरबेकला आशा वाटली. बाई स्वतः अडकल्या होत्या. अडकलेला माणूस थोडा मऊ होतो.

"बाई, चारच ओळी. परवानगी द्या."

"कोणाची सभा झाली?" चष्मा म्हणाला.

"बाई, तुम्ही आत कोंडल्या गेलाय!"

"मी कोंडली गेले म्हणून नियम बदलला, असं उद्या लोक म्हणतील. सभा घ्या."

मेदेरबेकला त्या क्षणी बाईंबद्दल संताप आणि आदर एकदम वाटला, आणि तो सभेसाठी माणसं गोळा करायला वळला. खोली त्याच्या डोळ्यांसमोरून एकेक मीटरने मागे सरकत होती.

सभा झाली. इमारतीच्या इतिहासात अशी झाली नव्हती. निम्मं सभागृह अंगणात, निम्मं जिन्यात, अध्यक्ष, शिक्का आणि महापालिका मधल्या बोळकांडीत. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आयझिरेकच्या सासूने हजेरी घेतली. अंगणातल्यांची नावं ती आत ओरडून सांगे, आतून एक माणूस ती भोकातून एजेंना सांगे. त्याच भोकातून तळलेल्या कणकेचे बोर्सोक आणि चहाच्या वाट्या जाऊ लागल्या, मग अपांनी वाफवलेल्या, खिम्याने भरलेल्या मांती गेल्या, एकेक, कारण भोकातून ताट आडवं जात नव्हतं. बागकाम तज्ज्ञ म्हणाले की इतकं नीट कुठल्याच इमारतीत जेवलो नाही.

हजेरी भरली. लोकांनी आणलेला ठराव एका ओळीचा: साबिरकुल आगाय पहिल्यावरून चौथ्यावर. आगाय तळघरातून वर आले, प्रत छातीशी धरून.

"मला हव्यास नाही," ते म्हणाले. "पण मी उतरलो की पहिला कोण? ओमुरझाक. दोन महिन्यांनी लहान."

"मी कुठे मागितलं?" ओमुरझाक भडकले. "पण मिळालं तर नाही कशाला म्हणू?"

"पहिला ओमुरझाकही नाही, आगाय," मेदेरबेक काकुळतीला आला. "पहिली आयझिरेक यायला हवी. सगळं उलटं करायला हवं."

जिन्यात कुजबुज झाली. आगायांचा चेहरा पडला. हे रागावणं नव्हतं, आणि म्हणूनच मेदेरबेकला ते बघवेना. चाळीस वर्षं वर्गात पहिलं पाऊल टाकणारा माणूस भरल्या जिन्यात मागे सरकवला जात होता, आणि सरकवणारा त्याचाच विद्यार्थी होता.

तेव्हा मांतीचं भांडं रिकामं करून बुबूसारा अपा कठड्याला टेकल्या.

"साबिरकुल," त्या म्हणाल्या. वयाने त्या त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठ्या. जिन्यात नावाने हाक मारण्याची सोय फक्त त्यांना होती. "तू जेवायला कुणाकडे गेलास की मानाच्या जागी बसतोस ना? दारापासून सगळ्यात लांब?"

"बसतो."

"तू बसायच्या आधी त्या खोलीत कोण गेलेलं असतं?"

आगाय विचारात पडले. "यजमान?"

"यजमान बाहेर तुझ्या हातावर पाणी घालतोय. आत सून असते. ती गादी घालते, दस्तरखान अंथरते, दिवा लावते. मग तू येतोस. ती आधी आत गेली म्हणून तुझ्याहून मोठी झाली का? की तुला उघड्या फरशीवर बसायचंय?"

 आगायांनी टोपी काढली, परत घातली.

"म्हणजे ही यादी बसण्याची नाही," ते सावकाश म्हणाले, "अंथरण्याची आहे."

"आणि शेवटी येतो तो कोण?" अपांनी विचारलं.

"ज्याच्यासाठी अंथरलंय तो," आगाय म्हणाले, आणि त्यांचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

आयझिरेक पायरीवर वाट्या गोळा करत होती. "मी हेच सांगत होते," ती म्हणाली, "पण मला चहा आणायला पाठवलंत."  तिच्या सासूने पुढे होऊन तिच्या हातातल्या वाट्या घेतल्या.

शिक्का भोकातून बाहेर आला, कागदावर बसला, परत आत गेला. मेदेरबेकने ओळी उलट्या केल्या. वीज उठली. दार उठलं आणि खटकन उघडलं. पंप घुमला. सगळ्यात शेवटी भोंगा खरखरला आणि आगायांनी समितीचं स्वागत केलं, पावणेदोन तास उशिरा, पण हवामानासकट.

निकाल आठवड्याने लागला. एकवीस नंबरला पहिला क्रमांक. तुर्दुबायेवा बाईंनी अहवालात लिहिलं की बंद दारातून कायदेशीर सभा घेणारी इमारत आपण नोकरीत प्रथमच पाहिली. त्याच अहवालात पुढचं कलम होतं: ज्या खोलीत हा संगणक आहे ती यापुढे यंत्रकक्ष समजावी; दाराला मोहोर लावावी; प्रवेश फक्त अध्यक्ष आणि दोन साक्षीदारांसह, शिवलेल्या नोंदवहीत सही करून. मेदेरबेक कानिशाय एजेंकडे गेला. एजेंनी पर्स छातीशी धरली आणि म्हणाल्या, "मी खोली देत होते रे. पण आता ती माझी तरी कुठे राहिली?"

तेव्हा हिशेब असा. इमारतीला प्रमाणपत्र मिळालं आणि अंगणात चार बाकं. आयझिरेकला यादीतली पहिली ओळ. आगायांना शेवटची, जी ते आता हुशार विद्यार्थ्यांना समजावून सांगतात. समितीला त्रेचाळीस मांती. खोली मिळाली ती संगणकाला: साडेतीन बाय अडीच, कोरडी, उबदार, निवांत. या सगळ्याची किंमत एकट्या मेदेरबेकने मोजली, आणि तो संगणकही त्याचाच होता.